चार बोटं उतरलेलं पाणी

कापडे गावचा रावजी महाडात कामाला आला, तेव्हा पहिला आठवडाभर तो दुकानाच्या दाराशी चपला काढून आत जात होता.

"देवळात आलात काय, रावजीभाऊ?" गल्ल्यावरच्या राजेशने विचारलं. गिऱ्हाईकं हसली. रावजीही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो चपला घालूनच आत जाऊ लागला, पण उंबऱ्याशी पाय क्षणभर अडखळायचाच.

पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस नव्या गावात आला की त्याला बोलण्यापासून सगळं पुन्हा शिकावं लागतं. आणि शिकवणारा वीस वर्षांनी लहान असतो.

मुश्ताकशेठचं घाऊक दुकान: तांदूळ, साखर, पेंड. गोदाम रावजीच्या ताब्यात. दुकानामागे एक खोली होती, न्हाणी आतच, खिडकी नदीच्या बाजूला. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "भातलावणी उरकली की बायको-पोरीला घेऊन ये. खोली तुझीच."

रावजी आला होता तो त्या खोलीसाठी. पोरगी अंकिता दहावी झाली होती, तिला सायन्स घ्यायचं होतं. कापड्याहून रोज येण्या-जाण्यात दिवस मोडला असता. खोली म्हणजे कॉलेज, एवढा सरळ हिशेब होता. तिचं टेबल कुठे ठेवायचं ते त्याने ठरवलंही होतं. खिडकीखाली.

जुलैत तीन दिवस पाऊस कोसळला. शेठ मुंबईला गेले होते, मुलाला, तौकीरला, कतारच्या विमानात बसवायला. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. आजूबाजूचे दुकानदार तरीही माल माळ्यावर चढवत होते.

"आपणही चढवू या," राजेश म्हणाला.

"माळा गळतोय. गेल्या साली साखर वरच भिजली, तूच सांगितलंस ना?"

रावजीने पहाटे घाटाच्या पायरीशी काठी रोवली होती. तो जाऊन बघून आला. पाणी चार बोटं उतरलं होतं. गावच्या वहाळावर त्याने आयुष्यभर असंच पाणी बघितलं होतं. पाऊस थांबला की पाणी उतरतं आणि एकदा उतरायला लागलं की उतरतंच. या शहरात येऊन पहिल्यांदा त्याला काहीतरी ठाऊक होतं.

दहा वाजता शेठचा फोन आला. "पाणी कसं हाय रे?"

"उतरतंय, शेठ. चार बोटं. काठी लावून बघितलंय."

"नक्की ना?"

"माझा जन्म पाण्यावर गेलाय, शेठ."

वरच्या मजल्याच्या खिडकीतून शेठच्या आई, हफिजाचाची, ऐकत होत्या. त्यांनी खाली हाक मारली, "रावजी, भरती कवा हाय ती बघितलीस काय रे?"

"चाची, हा काय समुद्र हाय? नदीला कसली भरती?"

राजेशने तोंड उघडलं. रावजी त्याच्याकडे वळून म्हणाला, "गोदाम माझ्याकडं हाय."

"बरं." राजेशने खांद्याला पिशवी अडकवली. "तुमचं गोदाम, तुमचं पाणी."

ऊन पडलं. लख्ख, धुतलेलं ऊन. एक वाजता दुकानासमोरचं गटार उलटं वाहू लागलं. रावजी नदीकडे बघत होता आणि पाणी त्याच्या पाठीमागून आलं. आकाशात ढग नव्हता. उन्हात चढणारं पाणी त्याने जन्मात बघितलं नव्हतं. त्याने तीस गोण्या एकट्याने माळ्यावर टाकल्या. मग छाती बुडू लागली, तेव्हा जिना चढून वर गेला.

चाचींनी त्याला चहा दिला. "भरतीला खाली दासगावाकडनं खाडी चढते रे," त्या हळू म्हणाल्या. "मग वरचं पाणी जाणार कुठं?"

म्हणजे सकाळी पाणी उतरलं नव्हतं. ओहोटी होती. चार बोटांची ओहोटी.

पाणी ओसरल्यावर तांदळाच्या गोण्या फुगून फुटलेल्या सापडल्या. साखरेच्या गोण्या मात्र जागच्या जागी होत्या, तोंडं शिवलेली आणि आत काही नाही.

शेठ आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला कुणी सांगितलं नाय काय?"

"सांगितलं होतं. चाचींनी. राजेशनं पण."

"मग?"

रावजीकडे उत्तर होतं, पण ते दुकानात बोलण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या चपलांपासून सुरू होणारं होतं ते.

कामावरून काढलं नाही. फक्त शेठ म्हणाले, "मागच्या खोलीत उंच ओटा बांधतोय. साखर तिथं राहील. तू येऊन-जाऊन कर."

त्याने महाडात दुसरी खोली शोधली. नदीपासून लांब, वरच्या मजल्यावर जी मिळत होती ती त्याच्यासारख्याला परवडणारी नव्हती. अंकिताने गावाजवळ पोलादपुरात आर्ट्सला नाव घातलं. बायको, तुळसा, म्हणाली, "जाऊ दे, पोरगी डोळ्यांसमोर तरी राहील." मग एकदा जेवताना अंकिता ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, भरती-ओहोटी आम्हाला शाळेतच होती. मला एक फोन करायचात."

ऑगस्टच्या अखेरीला पुन्हा पाणी वाढलं. रावजी सकाळच्या एसटीने आला तेव्हा राजेश फोनवर होता. "हो शेठ, चढवायला घेतोच. भरतीची वेळ? थांबा हं, बघून सांगतो." तो मोबाईलवर शोधू लागला.

बारा चाळीस. रावजीला पाठ होती. आजची, उद्याची, पुढच्या अमावास्येपर्यंतची. महिनाभर तो रोज पहाटे एसटीची वाट बघत तेवढंच पाठ करत होता.

"बारा चाळीस," राजेशने फोनवर सांगितलं. मग वळून म्हणाला, "रावजीभाऊ, काल आलेल्या साखरेपासून घ्या. खोलीत, खिडकीखालच्या ओट्यावर."

रावजीने गोणी पाठीवर घेतली. खोलीच्या उंबऱ्याशी त्याने सवयीने चपला काढल्या, आणि आत गेला.