उदक सोडलेली खोली

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, शास्त्राला विचारल्याशिवाय जांभईसुद्धा देत नसत. कुठल्या वारी नखं काढायची नाहीत, कुठल्या दिशेला पाय करून निजायचं नाही, सगळं मुखोद्गत. त्या वर्षी शिमगा झाला आणि त्यांनी ओटीवरून जाहीर केलं, "घरात गर्भारशी आहे. आता घराच्या कौलाला हात लागणार नाही. खिळा ठोकायचा नाही, वासा हलवायचा नाही." गर्भारशी मीच. मी आत तांदूळ निवडत होते. सूप तिथेच आपटून उठावंसं वाटलं, पण सुनेनं सूप आपटलं तर त्यालाही त्यांच्याकडे एखादं प्रायश्चित्त असणार.

राग उगाच नव्हता. आदल्या वैशाखात मी त्याच घरात, त्याच मागच्या खोलीत बाळंत झाले होते. बायका पहिलटकरीण म्हणून माहेरी जातात, पण मला माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेली होती, वडीलही गेले आणि त्यांचं घर चुलत्यांकडे राहिलं. तिथून मला कधी बोलावणं आलं नाही. त्या वैशाखात एक वादळ पर्वतीकडून उठलं. वारा कौलांखाली शिरला, खोलीवरचं छप्पर उचकटलं आणि गारांसकट पाणी थेट बाजेवर आलं. सासूबाईंनी बाळाला पदराखाली घेऊन ओटीवर पळवलं, तरी मुलगा काकडला. छाती भरली. त्याला नाव ठेवायच्या आतच तो गेला.

म्हणून त्या शिमग्यापासून माझी नजर आढ्यावर होती. निजले की कौलांच्या फटीतून उजेडाचे कवडसे दिसायचे. चिंचेवरची वानरं त्या बाजूने उड्या मारीत जात आणि फुटकी कौलं वाढतच होती. हे स्वारीबरोबर दूर मुलुखात गेलेले. बोलायचं कुणाशी?

दरसाल आमचं छप्पर शाकारायला हडपसरहून एक गडी यायचा. पाडवा झाल्यावर तोही आला. मामंजींनी त्याला दारातूनच परत पाठवायला घेतलं. तेव्हा सासूबाईंनी मधला मार्ग सुचवला, की मागच्या खोलीची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, आढंही एकच, तर शेजाऱ्यांनी आपलं म्हणून तेवढं करून घ्यावं. मामंजी म्हणाले, छप्पर आपलं असताना आपलं नाही म्हणणं हे असत्य. गडी डोक्याचं मुंडासं सोडून पायरीवर बसला.

"आधी हे छप्पर कुणाचं हाय ते ठरवा, मंग मी वर चढतो," तो म्हणाला.

आता शेजाऱ्यांविषयी सांगायला हवं. ते पागेकडे कारकून होते, विधुर, मागंपुढं कोणी नाही, सोबतीला एक गाय. त्यांच्यात आणि मामंजींमध्ये पागोळ्यांवरून वाद होता. आमच्या छपराचं पाणी त्यांच्या उंबऱ्याशी पडे आणि त्यांच्या छपराचं आमच्या तुळशीवर. या पाण्यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. बंद म्हणजे पुणेरी बंद. मामंजी अंगणात येऊन तुळशीला सांगायचे, "बाई ग, काही लोकांना दुसऱ्याच्या तुळशीला फुकट पाणी घालायची हौस असते." पलीकडून शेजारी गाईला सांगायचे, "तुझं बरं आहे, तुला शास्त्र येत नाही." मग तुळस आणि गाय दोघी गप्प बसायच्या.

सासूबाई बोलायच्या कमी, पण त्यांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती शिजून बाहेर येई. दुसऱ्या दिवशी पानं वाढताना त्या म्हणाल्या, "मुलं जगत नाहीत तेव्हा आपण मूल मूठभर कोंड्याला परक्याला विकतो ना? मूल आपलं नाही म्हटलं की यम फसतो म्हणतात. मग खोली का नाही? खोली शेजाऱ्यांची झाली तर शाकारणीही त्यांची. आपल्या घराला हात लागलाच नाही."

मामंजी जेवता जेवता थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ताक भुरकलं, हात धुतला आणि देवघरातून पळी-पंचपात्र घेऊन निघाले. पाठोपाठ सासूबाई. मी मागच्या दारात कमरेवर हात देऊन उभी राहिले. शेजाऱ्यांचा ओटा तिथून स्पष्ट दिसत होता.

मामंजींना पायरीवर बघून शेजारी उठून उभे राहिले. "या. वाट चुकलात वाटतं?"

"वाट चुकणारा मी नव्हे. आमची मागची खोली तुम्हाला दिली. हात पुढे करा."

"फुकट?"

"फुकट. झेपेल ना?"

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे. ते आदल्या वर्षी मुलाला पोचवायला मामंजींच्या मागोमाग नदीपर्यंत चालत गेले होते, एक शब्द न बोलता. त्यांनी हात पुढे केला. मामंजींनी तुळशीचं पान ठेवलं, वर पळीभर पाणी सोडलं आणि मंत्र म्हणून मोकळे झाले.

घरी आल्याबरोबर सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, मी नुसतं तोंडी म्हणा म्हटलं होतं! तुम्ही उदक सोडलंत? उदक सोडलेलं परत कसं घ्यायचं? ते तर पाप!"

"मला शिकवू नका. दिलेलं परत घेता येत नाही, एवढं मला कळतं."

"मग खोली गेली की!"

मामंजी बराच वेळ पंचपात्र पुसत होते. ते पुसायचं काही कारण नव्हतं. "गेल्या वर्षी जे गेलं तेही परत आलं नाही," ते म्हणाले. "खोट्या दानानं यम फसत नसतो."

मी दाराआड होते. हातातलं काम तसंच राहिलं. तीन खोल्यांच्या घरातली एक खोली त्या माणसानं पागोळ्यांवरून भांडणाऱ्या वैऱ्याला देऊन टाकली होती, जाणूनबुजून. मला रडू आलं आणि ते मी आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गडी वर चढला. जुनी कौलं उतरवून त्यानं एकेक बोटानं वाजवून पाहिलं, बद्द आवाजाची बाजूला काढली, कुंभारवाड्यातून आलेली नवी घातली. खाली सुकं गवत दाट पसरलं, आढं चुन्यानं बंद केलं आणि वारा उचलू नये म्हणून कौलांवरून बांबूच्या आडव्या कामट्या टाकून काथ्यानं वाशांना आवळल्या. शेजारी आमच्याच अंगणात पाट टाकून बसले होते. मामंजी ओटीवरून म्हणाले, "बसायला जागा मिळाली वाटतं." "मालकाला बसावं लागतं," शेजारी म्हणाले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तुळस आणि गाय दोघींना सुट्टी होती.

अक्षय्य तृतीया होऊन गेली आणि एका दुपारी आकाश तांब्याच्या हंड्यासारखं झालं. कळा सकाळपासूनच येत होत्या. सुईण आत, सासूबाई आत, आणि धुळीचा लोट गल्लीतून शिरला तो दारं आपटतच. मी कळांपेक्षा छपराकडे लक्ष देत होते. गारा पडू लागल्या. कौलं नुसती खडखडत होती, काथ्या कुरकुरत होता. मी वाट बघत होते, आता एक फट पडेल, आता थेंब येईल. समोरच्या घराचं गवत उडून आमच्या अंगणात आलं. आमच्या खोलीत एक थेंब आला नाही. मुलगी झाली तेव्हा बाहेर धो धो कोसळत होतं आणि आत शेगडीतली राख कोरडी होती.

सुटले, एवढंच तेव्हा वाटलं. अंगभर सुटल्यासारखं वाटलं. कोरड्या पटकुरात ती कोरडी पोर रडत होती, आणि मी तिला रडू दिलं. पाऊस ओसरला तेव्हा भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला, "आमची खोली गळली तर नाही ना?" मामंजींनी उत्तर दिलं, "नाही हो, नाही." त्या 'हो'नं आमच्याकडे सगळे थबकले.

बारशाच्या दिवशी शेजारी सोवळं नेसून, स्वतःचं पळी-पंचपात्र घेऊन आले. मामंजी ताठ झाले. शेजारी म्हणाले, "गैरसमज नको. तुम्हाला मी काहीही परत देत नाहीये. मी खोली या कन्येला देतोय." त्यांनी पोरीची मूठ उघडून तीत पान ठेवलं, थेंबभर पाणी सोडलं. तिनं ती मूठ तोंडात घातली. "घेतलं," शेजारी म्हणाले. मामंजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि शास्त्रात याला काही हरकत नाही असं सांगितलं. पुढं पागोळ्यांचा वाद आपोआप मिटला. खोली नातीची, पाणी नातीचं, भांडणार कुणाशी?

आता मामंजीही नाहीत आणि शेजारीही नाहीत. पण शिमगा झाला की आधी मागची खोली शाकारली जाते, मग बाकीचं घर. पोरीचं लग्न होऊन ती डोलीत बसली तेव्हा मी रडले नाही. बायका कुजबुजल्या, आई आहे का दगड. मला जे कधी नव्हतं ते माहेर तिला होतं, आणि त्याची कौलं आम्ही त्याच आठवड्यात बसवली होती.