मोटारीचं रुमणं

नाथाजीला कुणी "बस की जरा" म्हटलं की त्याच्या मस्तकात तिडीक जायची. आणि सेहेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात जो तो त्याला बसायलाच सांगत होता. धाकटा भाऊ आप्पासो म्हणायचा, "दादा, तू बस, उसाला पाणी म्या पाजतो." बायको राहीबाई म्हणायची, "आवं, सावलीला बसा." देवळापुढची म्हातारी माणसं सरकून जागा करून द्यायची. सगळ्यांच्या मनात मायाच होती, पण त्या मायेनंच त्याचा जीव नकोसा झाला होता.

इटलीच्या डोंगरात त्याचा ट्रक सुरुंगावर गेला आणि डावा पाय पार मांडीतून गेला. सरकारनं पेन्शन बांधून दिली, दोन कुबड्या दिल्या आणि तासगावजवळच्या त्याच्या गावी आणून सोडला. घरी खायची-प्यायची ददात नव्हती. पण ज्या गड्यानं आफ्रिकेच्या वाळूतनं आणि इटलीच्या चिखलातनं ट्रक हाकला, त्यानं ऐन पस्तिशीत काय लोकांच्या बैलांच्या किमतीवरच्या गप्पा ऐकत दिवस काढायचा? छट्! त्याला मोटार चालवायची होती. चोरून नव्हे, मळ्यात नव्हे. सरकारी रस्त्यावर, पोलिसापुढनं, उजळ माथ्यानं चालवायची होती. ह्या एका गोष्टीशिवाय त्याला जगात काही म्हणून काही नको होतं.

योग आला तो तवनाप्पांमुळं. तवनाप्पा म्हणजे तासगावातले जैन व्यापारी. हळदीचा व्यवहार, रोजचं येणं-जाणं सांगलीच्या पेठेत. त्यांची जुनी परदेशी मोटार लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून छपरात दगडांवर चढवून ठेवलेली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ड्रायव्हर कधीच मुंबईला निघून गेला होता. नाथाजीनं कुणी न बोलावता जाऊन त्या मोटारीचं झाकण उघडलं. आठवडाभर तेलात आणि काजळीत लोळला आणि एके दिवशी ती खोकत खोकत सुरू झाली तेव्हा तवनाप्पा देवाची पूजा अर्धी टाकून बाहेर धावत आले.

"नाथाजी, लय मोठं काम केलंस गड्या! पर आता हाकायची कुनी?"

"म्या हाकतो की."

तवनाप्पांनी त्याच्या कुबड्यांकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली. "आरं, क्लचला डावा पाय लागतो म्हंत्यात."

"त्येचं बगतो म्या. गाडी पास करून आनली तर मला द्याल का हातात?"

"दिली! सांगलीला मला रोज तूच न्यायचं," तवनाप्पा म्हणाले. माणूस सरळ मनाचा होता, त्या घडीला त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

क्लचचं बघितलं ते आकाराम लोहारानं. त्याच्या भात्यापुढं बसून नाथाजीनं कोळशानं जमिनीवर चित्रं काढली आणि पुसली. पंजा गिअरवर पाहिजे, दुसरा हात चाकावर पाहिजे, मग क्लच दाबायचा कशानं? आकाराम बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि एकदम म्हणाला, "आरं, नांगर धरताना रुमण्यावर कोपरानं रेटा देतो का न्हाई आपन? तसाच द्यायचा!" झालं. नांगराच्या मागं धरायच्या त्या दांड्यासारखा एक वाकडा लोखंडी दांडा त्यानं घडवला, तो गिअरच्या शेजारी उभा केला आणि खालनं कांबीनं क्लचला जोडला. पंजा गिअरवर ठेवायचा, कोपरानं दांडा रेटायचा. पायाचा पेडल तसाच ठेवला, दोन पायांच्या माणसालाही गाडी चालवता यायची. गावानं त्या दांड्याला रुमणंच म्हणायला सुरुवात केली.

तवनाप्पांच्या मळ्यातल्या वाटेवर नाथाजीनं पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हा राहीबाई बांधावर उभी होती. तो तिच्यापुढनं गेला, वळवून परत आला, पुन्हा गेला. इटलीहून आल्यापासून नवऱ्याला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं.

आता राहिलं काय, तर पासिंग. हा शब्द म्हणजे नुसता शब्द नव्हता, जिवाला लागलेला घोर होता! गाडीत काही फेरफार केला असेल तर जिल्ह्याच्या मोटर इन्स्पेक्टरनं तो बघून कागद दिल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणायची नाही. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणून कचेरी पडली साताऱ्यात. तिथवर गाडी न्यायची तर नाथाजीला चालवायची परवानगी नाही, कारण रुमणं पास नाही. म्हणून स्टिअरिंगवर बसायचा तवनाप्पांचा पुतण्या जयपाल. चांगला पोरवडा असलेला, पोट सुटलेला माणूस, पण गाडीला असा हिसका द्यायचा की नाथाजीच्या काळजात कळ यायची. "क्लच दाब रं! आरं, पुरता दाब!" असं कऱ्हाडपर्यंत ओरडून त्याचा घसा बसायचा. शेजारी बसून जाणं त्याला विषासारखं वाटायचं, पण एकदा कागद हातात आला की हे संपलं, असं मनाला समजावत तो दात खाऊन बसायचा.

इन्स्पेक्टरसाहेब मोठे सभ्य होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, लाच मागितली असती, तर नाथाजीला भांडता तरी आलं असतं.

"हे काय लावलंय?" साहेबांनी वाकून विचारलं.

"रुमणं, साहेब."

"मोटारीला रुमणं?" साहेब हसले, मग गंभीर झाले. "कंपनीनं दिलंय?"

"कंपनी कशाला देतीया? आमच्या आकारामनं केलंय."

"मग आधी तुला गाडी चालवता येईल असा सिव्हिल सर्जनचा दाखला आण."

पुढल्या खेपेला दाखला आणला. सर्जनसाहेबांनी त्याला तपासून लिहून दिलं होतं की हातानं चालणारा क्लच सरकारनं पास केला तर ह्या इसमास लायसन देण्यास हरकत नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता ह्या यंत्राचा नकाशा आण." नाथाजीनं शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या हातापाया पडून नकाशा काढून घेतला. तो घेऊन गेला तर साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेला तर साहेब भेटले, पण नकाशावर मापं नव्हती. मापं घालून नेली तेव्हा पाऊस, कृष्णेला पाणी, गाडी दोन दिवस वाटेतच अडकली.

"सरकार मला ट्रक देऊन लढाईवर पाठवतं, तवा कुनी नकाशा मागितला न्हाई," तो घरी येऊन भिंतीला सांगितल्यासारखा बोलायचा. राहीबाई भाकरी पुढं सारायची आणि गप्प बसायची. तिला ठाऊक होतं, ह्या वेळी बोललं तर ताट भिरकावलं जाईल.

शेवटी शेवटी साहेबांचंही मन द्रवलं असावं. त्यांनी स्वतः दांडा हातानं रेटून पाहिला. "ही कांब नुसत्या खिळीवर अडकवलीय. खीळ निसटली तर?" हे मात्र नाथाजीला पटलं. बोलणं खरं होतं. "इथं पक्का बोल्ट घाल. पुढल्या महिन्यात मी तासगावला दौऱ्यावर येतोय. डाकबंगल्यावर गाडी आण. बोल्ट नीट असला तर तिथल्या तिथं पास करतो." आणि त्यांनी तारीख सांगितली.

ती तारीख नाथाजीनं देवाच्या नावासारखी घोकली. रुमणं काढून त्यानं आकारामच्या भात्यावर टाकलं, तारखेच्या आत बोल्ट घाल म्हणून बजावलं. आकाराम "व्हय व्हय" म्हणाला. पण पलटणीत इंग्रजी तारखांवर जगलेल्या नाथाजीला एवढं सुचलं नाही, की आकाराम तिथीवर चालणारा माणूस आहे. आणि साहेबांच्या त्या तारखेला आली होती खंडेनवमी!

सकाळी नाथाजी भात्यावर गेला तर भाता थंड. सारवलेल्या जमिनीवर ऐरण, घण, हातोडे, सांडशी ओळीनं मांडलेले, हळदीकुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं घातलेली. आणि त्या ओळीत मधोमध रुमणं. नवा बोल्ट बसवलेलं, तेल लावून पुसलेलं, बोल्टावर कुंकवाची टिकली.

"बग, कसं झालंय!" आकाराम अभिमानानं म्हणाला.

"लय बेस झालंय. दे हिकडं. साहेब आल्यात बंगल्यावर."

"आज?" आकारामचा चेहरा उतरला. "आज कसं दिऊ? हत्यारं पुजल्यात, नाथाजी. उद्या शिलंगण झालं की उचलायची. आज हात लावायचा न्हाई."

"आकाराम, उद्या साहेब न्हाई! कळतंय का तुला? साहेब दुपारीच जानार!"

"मला सांगायचं न्हाईस व्हय आधी, आज नवमीला पायजे म्हून?"

"तारीख सांगितली हुती की, गाढवा!"

"तारीख मला काय कळती?" आकाराम रडकुंडीला आला. "तुझ्यासाठी म्हून मधी मांडलंय त्ये. तुला उचलायचं तर उचल. म्या आडवा येत न्हाई."

नाथाजी कुबड्या टेकत पुढं झाला. वाकला. हात लांब केला आणि हात तिथंच थांबला. पलटणीत दर खंडेनवमीला बंदुका मांडायचे, फुलं वाहायचे. खुद्द गोऱ्या कप्तानाला त्यानं एकदा अडवलं होतं, "साहेब, आज नाही" म्हणून. आणि आता स्वतःची नड आली म्हणून पुजलेलं हत्यार ओढून न्यायचं? त्याला ते जमेना. त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, आकारामला घातल्या, पंचांगाला घातल्या, पण हात पुढं जाईना. तो तसाच उठला. साहेबांना हात जोडून सांगू, एक दिवस थांबा म्हणू, एवढाच विचार डोक्यात घेऊन तो डाकबंगल्याकडं निघाला.

कुबड्यांवर पोचायला उशीर झाला. जयपालनं गाडी कधीच तिथं नेऊन लावली होती. नाथाजी फाटकात शिरला तेव्हा इन्स्पेक्टरसाहेब गाडीत डोकावून हसत होते.

"अरे वा, काढून टाकलं वाटतं ते रुमणं?"

"व्हय साहेब, काढलंय," जयपाल म्हणाला. खोटं काही बोलला नाही बिचारा. काढलेलंच होतं.

"हे उत्तम केलंत. आता गाडी मुळाबरहुकूम आहे. कशाला उगाच ते झंझट!" साहेबांनी ब्रेक पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला आणि बोनेटवर कागद ठेवून सही ठोकली. झटक्यात! ज्या सहीसाठी पाच-सहा महिने कुबड्या झिजवल्या, ती सही पेन उचलून ठेवायच्या आत झाली.

"साहेब, थांबा!" नाथाजी ओरडला. "रुमणं हाय! बोल्ट घातलाय. उद्या लावतो. आज त्ये पुजलंय, म्हून—"

साहेबांनी टोपी घातली. त्यांच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "नाथाजी, मी आता पास केलीय ती ही गाडी, जशी उभी आहे तशी. तिला पुन्हा काही लावलंस तर हा कागद रद्द. मग सगळं पहिल्यापासून."

तवनाप्पा तोवर पेढे घेऊन आले होते. त्यांना वाटलं, घोडं गंगेत न्हालं. पहिला पेढा त्यांनी नाथाजीच्याच हातावर ठेवला. "झालं की रं काम! तुझ्यामुळं झालं."

"शेटजी, आनि म्या?"

तवनाप्पा घोटाळले. कागदाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "आसं कर. आता गाडी हाय ती चालू दे. हळदीचा हंगाम तोंडावर आलाय. चालवील जयपाल, तू शेजारी बस. रस्ता दावायला, त्येला शिकवायला तू पायजेसच की."

नाथाजीनं पेढा बोनेटवर ठेवला. "शेजारी ठेवायला मानूस कशाला? हळदीचं पोतं ठेवा शेटजी, त्ये वरडायचं तरी न्हाई." आणि तो वळून चालायला लागला. तवनाप्पा मागनं हाका मारत राहिले. त्यानं मान वळवली नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते.

दसरा झाला. कचेऱ्या उघडल्या त्या दिवशी रुमणं धोतरात गुंडाळून पाठीशी बांधून नाथाजी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला गेला. राहीबाईनं विचारलं, "गाडी न्हाई, घोडं न्हाई, आता कशाला चाललाय?" त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

साहेबांनी त्याला पाहून कपाळाला हात लावला. "गाडी कुठंय?"

"गाडी पास हाय. तुमीच केली. ती पयल्यापास्नंच धडधाकट हुती, साहेब. मोडलाय त्यो म्या. मला पास करा."

"मी माणसं पास करत नाही रे. मी गाड्या बघतो. हे कुठल्या तरी गाडीला लावून आण. कुणाची का असेना. देवाशपथ सांगतो, नीट बघेन."

नाथाजी बाहेर आला. फाटकापाशी पासिंगला आलेल्या मोटारींची रांग लागली होती. त्यानं पहिल्या मोटारीशी जाऊन पाठीवरचं गाठोडं सोडलं.

"गड्या, तुझी गाडी दे घटकाभर. हे लावून दावायचं हाय. लगीच काढून देतो."

ड्रायव्हरनं आधी त्या लोखंडाकडं पाहिलं, मग खाली, जिथं पाय नव्हता तिथं. काच वर केली आणि तोंड फिरवलं.

नाथाजी दुसऱ्या मोटारीकडं गेला.