उथळ पाण्यातलं जहाज

आमच्या जत तालुक्याकडं लष्करात जाणं म्हणजे पायदळात जाणं. नौदलात गेलेला गावातला मी पहिलाच. माझी पहिली नेमणूक एका अवाढव्य युद्धनौकेवर झाली, तेव्हा तिचा फोटो आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरांच्या बाजारात भेटेल त्याला दाखवला होता. काही वर्षांनी माझी बदली एका लहान, वेगवान युद्धनौकेवर झाली. तिचं काम किनाऱ्यालगत गस्त घालायचं. ही बदली मी घरी कळवलीच नाही.

खरं सांगायचं तर ती मलाच रुचली नव्हती. मी इंजिनरूमचा माणूस. मोठ्या जहाजावर ऐसपैस जागा होती, समुद्र खवळला तरी पाय स्थिर असायचे. इथं एकावर एक तीन बिछाने, आणि वारा सुटला की आमटीचं ताट मांडीत. पहिला आठवडा मी ओकाऱ्या काढण्यातच घालवला.

त्या हिवाळ्यात घरच्या माणसांना एक दिवस समुद्रावर फिरवून आणायचा कार्यक्रम ठरला. आप्पा मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली करून मुंबईला आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. धक्क्यावर माझं जुनं जहाज उभं होतं. ते त्यांनी फोटोवरून लगेच ओळखलं आणि सरळ तिकडं चालू लागले. मी हात धरून थांबवलं आणि पलीकडचं आमचं जहाज दाखवलं.

आप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"काय चूक केलीस रं?"

"चूक न्हाई आप्पा. बदली झाली."

"मोठ्यावरनं बारक्यावर?" ते म्हणाले. "गावात कुणाला सांगू नगंस."

मला फार लागलं ते. कारण माझ्याही मनात तेच होतं.

दोन्ही जहाजं बरोबरच बाहेर पडली. आप्पांना वरती रेलिंगजवळ सावलीत बसवून मी खाली इंजिनरूममध्ये गेलो. खाली गेलं की वरचं काही दिसत नाही. इंजिनांचा आवाज एवढा, की कानांवर जाड झाकणं चढवून एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलायचं. जहाज काय करतंय हे आम्हाला पायाखालच्या थरथरीवरून कळतं.

दुपारी जेवणं उरकली आणि वरून फोन आला. एका मच्छीमार बोटीचं इंजिन बंद पडलंय, वाऱ्यानं ती खडकांकडं सरकतेय, पूर्ण वेग द्या. आम्ही वेग वाढवला. आमच्या जहाजाला पाण्याखाली फिरणारे, जहाज पुढं ढकलणारे पंखे नव्हते. समुद्राचं पाणी तळातून ओढून मागं जोरानं फेकायचं आणि त्या रेट्यानं पुढं जायचं, अशी रचना. त्यामुळं ते कमी पाण्यातही चालायचं.

थोड्या वेळानं माझ्यासमोरचा तापमानाचा काटा चढू लागला. म्हणजे आम्ही किनाऱ्याच्या इतक्या जवळ आलो होतो, की इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाळू आणि शेवाळ आत येत होतं, ते पाणी गाळणारी जाळी तुंबत होती. तशी दुसरी जाळी शेजारीच असते. मी झडप फिरवून पाणी तिच्यावर वळवलं, पहिली उघडली, हातानं गाळ उपसला, पुन्हा बसवली. तोवर दुसरी भरत आलेली. असं किती वेळा केलं आठवत नाही. कोपरापर्यंत हात चिखलात होते. पण काटा मी तांबड्या खुणेला लागू दिला नाही. त्या वेळी भीती वाटली नाही. हे यंत्र आपल्या हातात आहे, आपण थांबलो तरच ते थांबेल, एवढंच डोक्यात होतं.

मग वेग उतरला. जहाज जागच्या जागी वळल्याचं पायांना कळलं, आणि मागं काहीतरी जड ओढत असल्यासारखं इंजिन कण्हू लागलं.

खोल पाण्यात आल्यावर मी वर गेलो. मागं दोरानं बांधलेली मासेमारीची बोट येत होती. आप्पांच्या शेजारी एक म्हातारा कोळी ओलाचिंब बसला होता. त्याच्या अंगावर आप्पांची घोंगडी होती.

"बसला व्हतास कुठं?" आप्पांनी विचारलं.

"खाली. इंजिनापाशी."

"मग तू काय बघितलंच न्हाईस." आणि ते मला सांगू लागले. "बोट खडकाला टेकाया आलेली. मला वाटलं, आता ते थोरलं जाईल. ते जागचं हाललं न्हाई. मी तुमच्या सायबाला इचारलं, ते का जाईना? त्ये म्हणालं, तिथं पाणी कमी हाय, ते तळाला बसंल. मग आपलंच घुसलं. दोर टाकला, ह्या बाबाला वर घेतलं, आन् फिरलं बी तितल्या तितं."

कोळी हळूच म्हणाला, "आमच्या दारात येनारं ह्येच जहाज. थोरलं आमाला लांबूनच दिसतं."

आप्पांनी मान हलवली. माझे चिखलाचे हात पाहिले. पिशवीतली बाजरीची भाकरी काढली, मोडून अर्धी कोळ्याला दिली, अर्धी मला.

मोठी जहाजं लागतातच. भर समुद्रात महिनोन्‌महिने तीच टिकतात. पण शत्रू असो, चोरटा माल असो नाहीतर अडकलेला कोळी असो, किनाऱ्याजवळचं काम खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या आसपास, कमी पाण्यात आणि कमी वेळात करावं लागतं. तिथं लवकर पोचणारं आणि आत शिरू शकणारं जहाजच हवं. हे मी पुस्तकात आधीच वाचलं होतं. पटलं मात्र त्या दिवशी.

पुढं बदलीची वेळ आली, तेव्हा मला मोठ्या जहाजावर जागा देऊ केली. मी लहान जहाजच मागून घेतलं. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, "तिथं माझं काम जास्त आहे."

रात्री गावी फोन करून सांगितलं. आप्पा म्हणाले, "बरं केलंस. मी हितं सगळ्यास्नी सांगतो."

नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी किनारा नजरेसमोर ठेवूनच काढली.