बिडकीनच्या पुढचा खवा

अण्णांच्या तावडीत सापडलेला माणूस आधी गाव सांगायचा आणि मग नाव. मेथीची जुडी घेऊन दारावर आलेली बाई असो नाहीतर कोपऱ्यावर नवी टपरी टाकलेला माणूस, अण्णा चष्मा कपाळावर चढवून सुरू व्हायचे. "गाव कुठलं? बरं. वेशीतनं आत शिरलं की डाव्या हाताला काय हाय? मारुती का चावडी? मुक्कामी एष्टी कितीला येती?" समोरचा जरा अडखळला की खेळ खलास. "हा इथला नाय," असं त्याच्या तोंडावर सांगून अण्णा चालू लागायचे. मेथी कोवळी लुसलुशीत असली तरी.

पुंडलिकनगरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, आणि अण्णांचं चार पानी साप्ताहिक. संपादक अण्णा, वार्ताहर अण्णा, जाहिराती आणणारे अण्णा आणि सायकलवरून अंक वाटणारेही अण्णाच. टाइप करून पानं लावणारी तेवढी मी. मुंबई-दिल्लीच्या बातमीला त्यात जागा नसे. एकदा मी चुकून विचारलं, तर म्हणाले, "ममईची बातमी सांगायला पन्नास च्यानल बसलेत. आपल्या नळाला पाणी कधी येणार, ते कोण सांगतं गं पोरी?" माझ्याही नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे मी गप्प बसले.

बाहेरून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा संशय. मॉलमधल्या पिठाचं पाकीट मी एकदा टेबलावर ठेवलं होतं. ते त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि म्हणाले, "पाकिटावर फेटेवाला शेतकरी छापलेला असला की समजायचं, आत शेतकरी नाय." पुण्याची माझी नणंद मोठ्या कौतुकाने बाकरवडी घेऊन आली, तर तिच्या देखत विचारलं, "किती दिसाची हाय?" नणंद आजही अण्णांचं नाव निघालं की नाक मुरडते. हसता हसता मलाही ही संशयाची सवय लागली. दूधवाला जास्त गोड बोलला की मी पातेल्यात वाकून बघायला लागले. नवरा म्हणायचा, तू त्या म्हाताऱ्याच्या नादी लागून येडी झालीस. झाले असेन.

पण आपल्या माणसाबद्दल अण्णा लोण्यासारखे मऊ. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्यांचं सदर असायचं, 'इथलंच घ्या'. कुणाच्या हातचा ठेचा, कुणाच्या घाण्याचं तेल, कुणाची ज्वारी. त्याचा ते एक छदामही घ्यायचे नाहीत. अण्णांनी लिहिलं म्हणजे खरं, असं आमच्या गल्ल्यांत बायका डोळे झाकून धरून चालत. मीही. एरवी सगळ्या दुनियेवर शंका घेणारी मी, अण्णांच्या शब्दावर कधी घेतली नाही.

शहराबाहेर, बिडकीनच्या पुढे आडबाजूला त्यांचं गाव. घर मेंढरं राखणारं. आईबाप लहानपणी गेले, काकीने पदराखाली वाढवलं. तिचा मुलगा नामदेव, म्हणजे अण्णांचा धाकटा चुलतभाऊ. या नामदेवाने खव्याची भट्टी टाकली तेव्हा अण्णांनी सदरात भरभरून लिहिलं. स्वतः गावी गेले होते, भट्टीशेजारी बसून गरम खवा खाऊन आले होते. त्यांनी लिहिलेलं टाइप करताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वर्षभरात आमच्या भागात दुसरा खवा कुणी विचारेना.

मग शेजारच्या साळव्यांकडे बारसं झालं. गुलाबजाम भंवरलाल महाराजांनी केले होते. हे राजस्थानातले आचारी, पण इथं राहून इतकी वर्षं झाली होती की "लई" आणि "व्हय" आमच्यापेक्षा जास्त बोलायचे. अण्णांच्या लेखी मात्र ते अजून रेल्वेतून उतरायचेच होते. त्या संध्याकाळपासून लोकांना उलट्या सुरू झाल्या. माझे सासरे सलाईनवर. साळव्यांच्या बाळंतिणीला दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी काही जणांनी महाराजांच्या घरी जाऊन त्यांच्या कढया रस्त्यावर फेकल्या. पुढची लग्नं हातातून गेली. त्यांची बायको माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडली, "दीदी, हमारा क्या कसूर?"

अण्णा तिच्या शेजारूनच आत आले. बातमी लिहून आणली होती: परप्रांतीय आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे विषबाधा. मी कागद वाचला आणि कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"अण्णा, हे तुम्ही बघितलं?"

"बघायचं काय त्याच्यात? तो कुठला हाय?"

"आणि खवा कुठला होता?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "नामद्याचा खवा मी सोता खाल्लाय," म्हणाले.

"वर्ष झालं त्याला. बातमी छापली की महाराजांना हे शहर सोडावं लागेल. मी टाइप करणार नाही. आधी जाऊन बघून या."

चिडले. हाताखालची पोरगी शिकवायला लागली म्हणाले. सायकलला टांग मारून निघून गेले आणि कोपऱ्यावरून परत आले. "चल. गाडी काढ तुझी. तुलाच दावतो."

माझ्या स्कूटीवर मागे बसून अण्णा बिडकीनपर्यंत बडबडत होते. नामदेवाच्या दारात टेम्पो उभा होता. चुलतभावाला बघून तो हसत पुढे आला, चहा सांगितला. अण्णा बसले नाहीत. घराला वळसा घालून मागे गेले, गोठ्यात डोकावले, उकिरड्यापाशी उभे राहिले. जनावरांत वाढलेला माणूस तो, दुसरं काही विचारायची गरजच पडली नाही.

"नामद्या, शेण कुठाय?"

नामदेवाचं हसू गेलं.

"एवढा खवा शहरात जातो तुझा. एवढ्या म्हशींचं शेण कुठं टाकतो तू?"

गोठ्यात दोन म्हशी होत्या. मागच्या खोलीत खव्याचे खोके थरावर थर रचलेले होते. त्यांवर पट्टी कुठल्या तरी दूरच्या गावची, आणि आंबट वास दारातूनच येत होता. मला वाटलं, हा आता पाया पडेल. उलट तोच अण्णांवर उसळला.

"तुमीच लिवलं ना? दुसऱ्या दिशी दारात गाड्या लागल्या. इथलंच पायजे, इथलंच पायजे. आपल्या गावात म्हशी किती उरल्यात, तुमी मोजल्या का कधी? जमिनी कंपन्यांत गेल्या, वैरण कुठनं आणू? माझा खवा चार घरांपुरता व्हता, अण्णा. तुमी सगळ्या शहराला सांगितलं. मंग आणला बाहेरनं. तुमच्या शब्दाला जागलो मी."

दारातून काकी बघत होती. अण्णा तिच्या पाया पडले आणि स्कूटीवर येऊन बसले.

दुकानात आल्यावर त्यांनी जुना कागद फाडला आणि उभ्या उभ्या नवी बातमी सांगितली. पहिल्या पानावर, नामदेवाच्या पूर्ण नावासकट. महाराजांचा यात काही दोष नाही, हे ठळक अक्षरांत. त्याखाली, खव्याची शिफारस मीच केली होती आणि तपास न करता केली होती, असं. मी म्हटलं, अण्णा, भावाचं नाव नका घालू, नुसतं 'एक विक्रेता' म्हणू. "भंवरलालचं नाव घालताना मी 'एक आचारी' म्हणणार व्हतो का?" एवढंच म्हणाले.

अंक वाटला गेला. महाराजांकडे लोक हळूहळू वळले. नामदेवाची भट्टी बंद पडली, आणि गावाने अण्णांशी बोलणं टाकलं. भाऊबंदकीत कुणाचं लग्न ठरलं तर पत्रिका येईना. माझ्या दुकानात छापलेली पत्रिकासुद्धा त्यांना फक्त माझ्या टेबलावर दिसायची. अण्णांनी सदर बंद केलं. पुढे साप्ताहिकही बंद झालं आणि त्यांचं मुलीकडे नाशिकला जायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला आले, हातात स्टीलचा डबा. गावच्या जत्रेचा निवद होता. काकीने एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता, इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला! म्हटलं, "अण्णा, बघा, म्हातारीचा राग गेला. उघडा की, मलाही द्या." त्यांनी माझ्या टेबलावर डबा उघडला. पुरणपोळ्या होत्या, वर तुपाची चांगली जाड धार सोडलेली. अण्णांनी एका पोळीची कड मोडली. घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले.

"काय झालं?"

"पोळी काकीच्या हातची हाय," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तूप कुणाचं असंल गं?"

त्यांनी घास पोळीवर ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही हात डब्यावर ठेवले.