हिरवी आणि येरमाळ्याचा घाट

आमच्याकडं या जुन्या गाड्यांना कंपनीच्या नावानं कुणी हाक मारत नाही. बैलांना म्हणावं तसं रंगावरून म्हणतात. भूमच्या डॉक्टरांची ती हिरवी, कळंबकडच्या एका बागायतदारांची ती लाल. सोलापूरहून कापडाचे एक व्यापारी कधीमधी येतात, त्यांची ती चांदी. तिन्ही साठेक वर्षांपूर्वीच्या, परदेशात बनलेल्या, दोनच माणसं बसतील अशा, उघड्या टपाच्या शर्यतीच्या गाड्या. धाराशिव जिल्ह्यात असं काही आहे हे मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. त्यातली हिरवी तर धाराशिवात आमच्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि मी रोज तिच्यावरून नजर फिरवून पुढं जात होते.

शेड मिस्त्रीकाकांची. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर डॉक्टरांनी ही बंद पडलेली गाडी त्यांच्या दारात आणून उभी केली. मी तिथं गेले ती एका पुस्तकामुळं. डॉक्टरांनी या गाडीचं दुरुस्तीचं जुनं पुस्तक परदेशातून मागवलं होतं. ते इंग्रजीत, आणि काकांचं शिक्षण मराठी सातवी. डॉक्टर आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी इंग्रजी शाळेत होती ना? रविवारी तासभर वाचून दाखवेल का मिस्त्रींना?" मी घरूनच काम करते, लोकांत फारशी मिसळत नाही. नाही कसं म्हणावं हे सुचेपर्यंत बाबांनी हो म्हणून टाकलं होतं.

पहिल्या रविवारी काकांनी माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं होतं. मी पान उघडलं.

"काय म्हणतंय पुस्तक?"

"इंजिन खोलण्याआधी पाणी काढून घ्या, म्हणतंय."

"हे सांगायला विलायतेहून पुस्तक मागवलं व्हय?" ते हसले. "वाच माय, पुढं वाच."

मला शब्द वाचता यायचे, पण ते कशाबद्दल आहेत ते कळायचं नाही. मी अडखळले की काका एकेक भाग उचलून दाखवायचे, "हे का? का हे?" आणि चित्राशी जुळला की त्याचं नाव सांगायचे. ते नाव कधी मराठी असायचं, कधी उर्दू, कधी वर्कशॉपमध्ये घासून वेगळंच झालेलं इंग्रजी. मी वहीच्या एका बाजूला पुस्तकातला शब्द लिहायची, दुसऱ्या बाजूला काकांचा. शाळेत बारा वर्षं मराठी हा माझा सगळ्यात कच्चा विषय होता. इथं मला कुणी परीक्षा घेतंय असं वाटायचं नाही.

हळूहळू गाडी दिसायला लागली. म्हणजे डोळ्यांना ती आधीही दिसत होतीच. बसल्यावर हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला टेकतील इतकी ती बुटकी. दाराला बाहेरून कडीच नाही, आत हात घालून दोरी ओढायची. चाकं तारांची, सायकलसारखी, आणि ती काढायला पाना लागत नाही. मधोमध दोन पंखांची एक चाकी, म्हणजे नट, असते, ती तांब्याच्या हातोडीनं ठोकून सोडवायची. लोखंडी हातोडीनं चाकीवर वण उठतात. पुस्तकात मी हे वाचलं, तेव्हा काकांनी न बोलता कपाटातून हातोडी काढून दाखवली. जुनी वायर वितळवून त्यांनी ती आधीच ओतून ठेवली होती. पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी.

तिन्ही गाड्या एकत्र आल्या की एक रीत पाळली जाते. आधी बॉनेट उघडायचं, मग इंजिन सुरू करायचं, आणि ते चालू असताना मिनिटभर कुणी काही बोलायचं नाही. एरवी या माणसांच्या तोंडाला खळ नसतो. बागायतदार तर लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही उसाचा उतारा विचारतील. पण इंजिन सुरू झालं की ते माना किंचित वाकवून उभे राहतात. कुणी डोळे मिटतं. हिरवीचा आवाज खर्जातला आहे, लालचा जरा तुटक, खोकल्यासारखा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ज्या लोकांना असं गप्प उभं राहता येतं त्यांच्यात मला बसता येईल.

अडचण एकच होती. हिरवी घाट चढत नव्हती.

डॉक्टरांनी दवाखान्यातून सुट्टी काढायचा दिवस म्हणजे दसरा. त्यामुळं मोठी फेरी दसऱ्यालाच निघायची. तुळजापूरचा रस्ता त्या दिवशी माणसांनी भरलेला असतो, म्हणून उलट्या दिशेला, येडशीवरून येरमाळ्याकडं. सलग दोन दसरे हिरवी येरमाळ्याच्या घाटात मध्येच तापून उभी राहिली. एरवी वर्षभर काका तिला फिरवायचे, दुपारच्या उन्हातही, आणि पाण्याच्या तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. यंदा नवरात्राच्या आधी डॉक्टर शेडमध्ये आले आणि उभ्यानंच बोलले.

"मिस्त्री, मी साठीला आलो. मला ही गाडी चालवायची आहे, नुसती सांभाळायची नाही. यंदा ती न थांबता घाट चढली तर काहीच प्रश्न नाही. नाही चढली तर पुण्याच्या गॅरेजशी बोलून ठेवलंय मी. ते नवं इंजिन बसवून देतील."

"आन् हे जुनं?"

"ते काढून ठेवू."

काकांनी इंजिनावर फडकं फिरवलं. त्या इंजिनाचा एकेक भाग त्यांनी सहा वर्षांत हातानं घासून, जुळवून बसवला होता. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला पाणी थंड ठेवण्याचं प्रकरण पहिल्यापासून वाचायला लावलं. दोनदा. रेडिएटर खोलून धुतला, पाण्याचा पंप पुन्हा तपासला, पंख्याचा पट्टा बदलला. कुठंच खोट सापडली नाही. "नेमकी परीक्षेच्याच दिशी रुसती," ते म्हणाले. "मागल्या साली हार बारीक घातला हुता. यंदा चांगला घालू."

म्हणून दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघांनी शेडच्या ओट्यावर बसून हार ओवला. झेंडू तीन किलो, मध्ये आंब्याची पानं. काका सुईत दोरा दुहेरी घ्यायला सांगत होते. गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. हार मी बांधला, पुढच्या जाळीवर आडवा, दोन पदरी, घट्ट, वाऱ्यानं उडू नये म्हणून. गडद हिरव्या रंगावर तो केशरी हार इतका शोभला की मी चार पावलं मागं जाऊन पुन्हा पाहिलं. बागायतदार त्यांची लाल घेऊन आले होते. त्यांच्या गाडीला आरशाजवळ एक शेवंतीची वेणी, बस.

"मिस्त्री, तुमची तर नवरी झाली की! आमची बिचारी विधवेवाणी दिसायली तिच्यापुढं."

"तुम्ही कंजूष, तिचा काय दोष?" काका म्हणाले.

घाट चढेपर्यंत हिरवी काकाच चालवणार होते. वाऱ्यात चष्मा उडतो म्हणून ते तो खिशात ठेवतात आणि मग त्यांना जवळचा काटा वाचता येत नाही. म्हणून शेजारी मी. डॉक्टर मागून येणाऱ्या लालमध्ये, बागायतदारांशेजारी.

येडशीपर्यंत काटा एकशे नव्वदवर होता, जुन्या फॅरनहाइटच्या मापात. मी दर दोन मिनिटांनी आकडा सांगत होते. काका दोन बोटांनी सुकाणू धरून बसले होते, जणू हात लावण्याचीही गरज नाही. शेतात सोयाबीन काढून झालेलं, ढिगांवर झाकलेले कागद फडफडत होते. रस्त्याकडेची माणसं हात वर करत होती. घाट सुरू झाला आणि काटा हलला.

"एकशे पंच्याण्णव."

"हं."

"दोनशे."

काकांनी गिअर खाली घेतला. पुढं एक ट्रक होता, त्याच्यामागं वेग कमी झाला.

"दोनशे पाच. काका, दोनशे दहा."

मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. ते उतरले नाहीत. सुकाणूवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. मागून लाल आली. डॉक्टर उतरले, वाफ पाहिली आणि हळूच म्हणाले, "असू द्या मिस्त्री. तुम्ही तुमच्या बाजूनं सगळं केलंत." ते इतक्या मऊपणे म्हणाले की पुण्याचा निर्णय झाला हे सगळ्यांना कळलं.

मी उतरून गाडीपुढं गेले, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागू नये म्हणून. तिथं एक वास येत होता. तापलेल्या तेलाचा नव्हे, पाण्याचाही नव्हे. फुलं शिजल्याचा. मी हार थोडा उचलला. मागची बाजू काळपट, मऊ झाली होती, आणि जाळीच्या आत, रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर, झेंडूच्या पाकळ्यांचा थर बसला होता. पंख्यानं ओढून ओढून त्या लिंपल्यासारख्या चिकटल्या होत्या. हवा जायला जागाच नव्हती.

हार फक्त दसऱ्याला घालतात. घाटाची परीक्षाही फक्त दसऱ्याला होते.

मला हे कळलं त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मिनिटभर तरी हार हातात धरून उभी राहिले. घट्ट बांधला होता मी. पण ओवायला सांगितला काकांनी, मागची दोन वर्षंही त्यांनीच घातला होता, आणि ज्या माणसाला इंजिनाचा आवाज ऐकून रोग कळतो त्याला डॉक्टरांसमोर, बागायतदारांसमोर हे मी सांगायचं? तिकडं डॉक्टर फोन काढत होते. मी काकांच्या दाराशी गेले.

"काका, जरा पुढं येता?"

"कशाला माय?"

"या ना."

ते आले. मी हार उचलून धरला. त्यांनी चष्मा लावला, वाकले, एक पाकळी नखानं काढली. बराच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं ते हार गुपचूप काढून टाकतील, आणि मीही कुणाला सांगणार नाही.

ते सरळ झाले आणि घाटात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डाक्टर! इंजिनाचा गुन्हा न्हाय. गुन्हा माझा हाय. तीन साल म्याच हिच्या नाकातोंडावर फुलं कोंबली."

"मी बांधला होता," मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक निघाला.

"तिला म्या सांगितलं, तिनं बांधलं. तुमी इकडं या, बघा."

डॉक्टरांनी पाहिलं. बागायतदारांनी पाहिलं, कपाळाला हात लावला आणि रस्त्याच्या कडेला बसूनच हसायला लागले. "आरारा! देवाच्या नावानं दम कोंडला की हो बिचारीचा! मिस्त्री, पुढल्या साली आंघोळ बी घाला इंजिनाला!"

काकाही हसले, पण त्यांची नजर डॉक्टरांवर होती. "अट मोडली, ते खरंय," ते म्हणाले. "पण एक डाव खालून पुन्हा जाऊ द्या. आता तुमी चालवा. माझा हात नको तिला."

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला.

गाडी निवायला पाऊण तास गेला. काकांनी ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण सोडलं, शेवटी इंजिन सुरू करून थोडं थोडं पाणी ओतलं. मी केसांतली पिन काढून रेडिएटरच्या फटीतल्या पाकळ्या एकेक उकरत बसले. बागायतदार पाण्याच्या बाटलीनं मागून धार मारत होते आणि दर धारेला एक टोमणा. मग काका त्यांच्याबरोबर लालमध्ये बसून वर गेले आणि डॉक्टरांनी व मी हिरवी वळवून पायथ्याशी आणली.

डॉक्टर काकांसारखं चालवत नाहीत. गिअर टाकताना खांदा हलतो. चढ लागला तसा मी आकडा सांगू लागले, तर ते म्हणाले, "नको सांगूस. वाढला तरच सांग." मग मी काटा मनातच वाचत राहिले. एकशे नव्वद. पहिलं वळण. एकशे ब्याण्णव, आणि तिथंच. जिथं मघाशी थांबलो होतो तिथं रस्त्यावर पाण्याचा ओला डाग आणि केशरी चोथा पडला होता. त्याच्यावरून गेलो. इंजिन खर्जात, एकसारखं चढत होतं. खडकावरून आवाज परत येत होता. पोटातून, पाठीतून तो आवाज जात होता आणि मला वाटलं, साठ वर्षांपूर्वी ज्यांनी हे बनवलं त्यांनी हाच आवाज ऐकायला बनवलं असणार.

माथ्यावर लाल उभी होती. काका तिच्यापासून लांब, आमच्याकडं पाठ करून उभे होते. मान किंचित वाकलेली. आम्ही जवळ आलो तरी ते वळले नाहीत, नुसता उजवा हात वर करून पुढं जा म्हणून हलवला. डॉक्टर थांबले नाहीत.

येरमाळ्याच्या फाट्यावर एका हॉटेलापुढं त्यांनी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. चष्मा काढून पुसला. "पुण्याला नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले. "मिस्त्रींना तूच सांग. मला नाही जमायचं."

लाल आली. मी काकांजवळ गेले. वाक्य मनात तीनदा जुळवलं होतं. "काका, इंजिन राहणार. हेच."

काका हिरवीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते, ताप बघावा तसा.

"मंग उद्या येशील का?" ते म्हणाले. "इतकं तापलंय, आइल बदलावं लागंल."