तिसरी पोळी

जेवून उठताना हे आता भिंतीला हात टेकतात. आज सकाळी ते पाहून मला भीती वाटली. वजन हळूहळू वाढलं, माझ्या डोळ्यांसमोर. पानात तीन पोळ्या वाढणं अशुभ, म्हणून मी नेहमी चौथी वाढते आणि हे ती खातात. आग्रह सोडून माया दाखवायला मला येतं तरी काय?

संध्याकाळी मी तिसरीवर थांबले.

"अगं, तीन? वैरी आहे का मी तुझा?"

"नाही, म्हणून तर दोनच खा," मी खाली बघत म्हणाले.

हे हसले. तिसरी माझ्यापुढे सरकवली. "मग ही तू खा. बस इथे."

मी लाजत शेजारी बसले. हात खरकटा झाल्यावर मला आणखी वाढता येईना. मग आम्ही नुसतेच बोलत राहिलो, कितीतरी वेळ.