आडाच्या पाण्याचा कौल

आमचं जुनं गाव ओस पडलं ते पाण्यापायी. वरच्या अंगाला दारूचा कारखाना होता. त्याची मळी वर्षानुवर्षं ओढ्यात सुटली आणि आडांचं पाणी काळं, चिकट होऊन बसलं. शेवटी माळावर नवं गाव वसलं. जाताना लोकांनी वासे, चौकटी, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा उपटून नेल्या. देवीचं सागवानी देऊळ तेवढं राहिलं. त्याच्या फळीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

नव्वदीनंतरची गोष्ट. मी सांगलीला कॉलेजात होते आणि वर्गातल्या जतच्या मुलावर माझा जीव जडला होता. माझ्या वडलांना, आबांना, मुलगा पसंत होता, गाव नव्हतं. "टँकरच्या गावात पोरगी द्यायची?" म्हणायचे. ज्यांच्या आडाचं पाणी म्हैस हुंगत नव्हती, ते हे बोलत होते! शेवटी त्यांनी ते देवीवर सोडलं. जत्रेला कौल लावायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

जत्रेला अख्खं गाव ट्रॉल्या भरून, प्यायचं पाणी कॅनमधून घेऊन ओसाड गावात उतरायचं. बायका आपापल्या जोत्यावर धावायच्या, "हितं माझी चूल व्हती!" म्हणून ओरडायच्या आणि खदाखदा हसायच्या. मीही त्यांच्याबरोबर उगाच हसत सुटले होते. नजर मात्र सारखी देवळाकडं जात होती.

कौलाच्या पाकळ्या देवीच्या अंगाला पाण्यानं चिकटवतात. गुरव हट्टाला पेटले, "देवीला तिच्याच आडाचं पाणी लागतं." पोहरा ओढला, पाकळ्या बुडवल्या, लावल्या. आम्ही हात जोडून बसलो.

पाकळ्या पडेनात. आरती झाली, नैवेद्य झाला, पंगती उठल्या, तरी जागच्या हलेनात.

"देवी इचार करतीया," एकजण म्हणाला.

"लगीन काय म्हातारपणी लावायचं हाय व्हय?" माझी चुलती म्हणाली, आणि देवळात असा हशा पिकला की गुरवही तोंड फिरवून हसले.

आई पुढं होऊन निरखून म्हणाली, "आवं, मळीच्या पाण्यानं डिंकागत चिकाटल्यात त्या. दिवाळीपतूर बसला तरी पडायच्या न्हाईत."

"कौल झाल्याबिगर काढता येत न्हाईत," गुरव म्हणाले.

आबा उठले. कॅनमधलं स्वच्छ पाणी तांब्यात घेतलं. "तोंड तरी धुतो तिचं," म्हणाले आणि हळूहळू पुसू लागले. पुसता पुसता त्यांचा अंगठा उजव्या पाकळीपाशी थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांच्या देखत तो अंगठा जोरात दाबून खाली ओढला.

"उजवा!" गुरव ओरडले. देवळात एकच गलका झाला.

"देवीनं दिला," आबा म्हणाले. पाकळी त्यांच्या अंगठ्यालाच चिकटलेली होती. आमच्यात वयात आलेली पोर बापाच्या गळ्यात पडत नाही. मी पडले.